शॉकअपचा चातुर्मास

माउंटन बाइकचा पुढचा फोर्क जवळून पाहिला, तर वरच्या दोन गुळगुळीत नळ्या खालच्या दोन जाड पायांमध्ये शिरताना दिसतात. त्या जिथं शिरतात तिथं काळ्या रबराची एक कड असते, उंचीला नखाएवढी. सायकलच्या दुकानात तिला डस्ट वायपर म्हणतात, मोटरसायकलवर हात बसलेले मेकॅनिक सरळ ऑइल सील म्हणतात. खड्डा आला की नळी या कडेतून आत जाते, खड्डा गेला की बाहेर येते. दगडधोंड्यांच्या उतारावर हे मिनिटाला कितीदा होत असेल याची मोजदाद नाही. दर वेळी नळीवर बसलेली माती आत जाणार की बाहेरच खरवडली जाणार, ते या कडेची बारीक धार ठरवते. बाकीची सायकल चिखलानं माखली तरी फारसं बिघडत नाही. ही धार हरली की मात्र खर्च सुरू होतो.

पावसाळ्यात सह्याद्रीत सायकल घेऊन जाणारे आता कमी राहिलेले नाहीत. शनिवारी पहाटे पुण्याहून ताम्हिणीकडे, पानशेतकडे, मुंबईहून इगतपुरीकडे गाड्या निघतात, कॅरिअरवर सायकली बांधलेल्या. डांबरी सोडून गाडीरस्त्याला लागायचं, तिथून पायवाटेला, भाताच्या खाचरांच्या बांधाकडेनं धरणाच्या पाण्यापर्यंत. संध्याकाळी फोटो येतात : मागे धबधबा, पुढे हँडलपासून हबपर्यंत लाल-तपकिरी झालेली सायकल, आणि मालकाच्या चेहऱ्यावर युद्ध जिंकल्याचा आनंद. त्यानंतर त्या सायकलच्या पोटात काय चालतं ते फोटोत येत नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो. झाकायच्या वस्तूंवर आपण गरजेपेक्षा जास्त भरवसा ठेवतो, आणि फडक्यावर फारच कमी.

पोटात काय चालतं ते पाहायचं असेल तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये एखाद्या चांगल्या वर्कशॉपमध्ये जाऊन बसावं. पुण्यात कोथरूडच्या बाजूला असं एक आहे. दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याला दारात थांबावं लागतं. मेकॅनिक फोर्क स्टँडला आडवा बांधतो, पायांच्या तळाचे बोल्ट दोन-तीन फेरे सैल करतो आणि त्यांच्या डोक्यावर रबरी हातोडीनं एकेक टोला देतो. मग बोल्ट काढून, खाली ट्रे सरकवून खालचे पाय हळूहळू ओढून काढतो. प्रत्येक पायात वंगणाचं तेल असतं, मॉडेलप्रमाणे दहा-वीस मिलीलिटर, कुठं तीस-चाळीस. भरलं तेव्हा ते पारदर्शक असतं. दोन महिने पाऊस खाल्लेल्या फोर्कमधून येतं ते पांढरट तपकिरी, गढूळ, आणि बऱ्याचदा भरलं होतं त्यापेक्षा जास्त! जास्तीचं ते पाणी. तेलात घुसळून घुसळून ते आता वेगळंही होत नाही.

सीलच्या खाली स्पंजाची एक पातळ रिंग बसवलेली असते. तेलात भिजलेली ही रिंग पोस्टातल्या स्टॅम्प पॅडसारखी काम करते : नळी घासून जाते तेव्हा तिच्यावर तेलाचा हात फिरवते. मेकॅनिकनं ती टोकदार हुकानं उचलून टिश्यू पेपरवर दाबली. कागदावर काळा वर्तुळाकार डाग उमटला आणि बोटांत बारीक रेती कचकचली. म्हणजे त्या फोर्कमधली रिंग गेले कित्येक दिवस नळीला तेल लावत नव्हती, तेल आणि रेतीची पेस्ट लावत होती. इंजिनचे व्हॉल्व्ह घासून बसवायला गॅरेजवाले जी पेस्ट वापरतात तिच्यात याहून वेगळं काही नसतं, वंगण आणि कठीण कण. तीच पेस्ट आत बुशिंगपाशी, जिथं नळीला आधार आहे आणि मोकळी जागा नावापुरतीच आहे, तिथं खालीवर होत राहते.

याचा परिणाम नळीवर दिसतो. वरच्या नळ्या ॲल्युमिनियमच्या. ॲल्युमिनियम मऊ धातू, म्हणून तो सल्फ्युरिक ॲसिडच्या द्रावणात ठेवून त्यातून वीज सोडतात आणि त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा कडक थर वाढवतात. त्यालाच ॲनोडायझिंग म्हणतात. महागड्या फॉक्स फोर्कच्या नळ्या सोनेरी दिसतात तो काशिमा कोट. जपानच्या मियाकी कंपनीची ही प्रक्रिया. त्या थराच्या सूक्ष्म छिद्रांत मॉलिब्डेनम डायसल्फाइड हे घन वंगण भरलेलं असतं. पण थर सोनेरी असो की काळा, त्याची जाडी माणसाच्या केसापेक्षा कमीच. तो एका जागी घासून गेला की खालचं चंदेरी ॲल्युमिनियम उघडं पडतं. हा पट्टा बहुधा नळीच्या मागच्या अंगाला पडतो, त्यामुळे मालकाला दिसत नाही. मेकॅनिक तिथं नखानं चाचपतो. नख अडकलं की काम वाढलं. नळ्या, त्यांना वर जोडणारा क्राउन आणि हँडलपर्यंत जाणारी मधली नळी हे सगळं कारखान्यात दाबून एक केलेलं असतं आणि तसंच एकसंध विकतात. त्या एका भागाच्या किमतीत आपल्याकडे एक बरी गिअरची सायकल येते. सील आणि स्पंजाचा संच त्या मानानं किरकोळ. नवं सील बसवायला त्या वर्कशॉपात पीव्हीसी पाइपचा नेमक्या व्यासाचा तुकडा ठेवलेला आहे. कंपनीचं खास हत्यार आहे, पण खोक्यात.

कुठली माती, यावरही बरंच अवलंबून असतं. देशावरची काळी माती भयंकर चिकट. पाणी लागलं की फुगते, टायरला गुंडाळत जाते, आणि शेवटी फोर्कच्या दोन पायांना जोडणाऱ्या कमानीत अडकून चाक जाम करते. सायकल खांद्यावर घेऊन चालावं लागतं. तिच्यातले चिकणमातीचे कण मऊ असतात, ते स्वतः फार घासत नाहीत. पण ती लिंपण घालते, ओल धरून ठेवते आणि तिच्याबरोबर बेसाल्टचा चुरा आणते. बेसाल्टच्या पोकळ्यांत तयार होणारी गारगोटी तर लोखंड ओरखडेल इतकी कठीण. कोकणातला आणि पाचगणी-महाबळेश्वरच्या माथ्यावरचा जांभा वेगळा. त्याची लाल पूड म्हणजे मुख्यतः लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं. काच आणि दागिने चकाकवायला जी लाल पावडर वापरतात ती आयर्न ऑक्साइडचीच असते. चकाकवणं म्हणजे शेवटी अगदी बारीक घासणंच. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पुण्यात सातशेच्या आसपास. म्हणून पुण्याच्या टेकड्यांवरच फिरवणारा स्वतःला सुरक्षित समजतो. मेकॅनिक मात्र मार्च-एप्रिलच्या फुफाट्याला पावसापेक्षा कमी धरत नाहीत. चिखल दिसतो म्हणून माणूस पुसतो. फुफाटा नळीवरच्या तेलाच्या पापुद्र्याला अलगद चिकटतो, राखाडी रंगाची एक रेघ करतो, आणि ती रेघ कुणी पुसत नाही.

यावर उपाय काय, हा प्रश्न फोर्कच्या जन्मापासूनचा आहे. अमेरिकेत पॉल टर्नर आणि स्टीव्ह सायमन्स या मोटोक्रॉसच्या दुनियेतून आलेल्या दोघांनी 1989 च्या सुमारास रॉकशॉक्स आरएस-1 हा फोर्क आणला. जेमतेम दोन इंच दबायचा. सायकलला शॉकअप कशाला, वजन वाढतं, असं म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते. 1990 साली कोलोरॅडोतल्या ड्युरँगोला माउंटन बायकिंगची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली. तिथली डाउनहिल शर्यत ग्रेग हर्बोल्डनं रॉकशॉक्स लावून जिंकली आणि वाद मिटला. दोन-चार वर्षांत जो तो फोर्क लावू लागला, आणि चिखलाचा प्रश्न सगळ्यांचा झाला.

त्या काळातल्या फोर्कवर रबरी बूट असायचा. घड्याघड्यांचा, फोर्क दबला की मिटणारा, वर आला की उघडणारा. आपल्याकडे हिरो एक्सपल्सवर किंवा जुन्या रॉयल एनफिल्ड हिमालयनवर तो सगळ्यांनी पाहिला आहे. रॉकशॉक्सच्या जूडी फोर्कवर नव्वदच्या दशकात तो होता. त्याला कारणही होतं. तेव्हाच्या बऱ्याच फोर्कमध्ये आत तेल खेळत नसे. स्प्रिंगच्या जागी रबरासारख्या इलॅस्टोमरच्या गोट्या, आणि सरकणाऱ्या भागांना फासलेलं ग्रीस. ग्रीसमध्ये एकदा माती मिसळली की ती तिथंच राहणार, म्हणून मुळात ती येऊच नये यासाठी वरून पूर्ण झाकण. मग 1997 मध्ये इटलीच्या मार्झोकीनं नारिंगी रंगाचा बॉम्बर झेड-1 आणला. मोटरसायकलींचे फोर्क करणारी ही जुनी कंपनी, तिनं मोटरसायकलचीच रीत उचलली : आत भरपूर तेल मोकळं सोडायचं, ते उसळून बुशिंग भिजवत राहील, आणि वर घट्ट, चांगल्या प्रतीचं सील. बूट नाही. फोर्क मऊ चालला, टिकलाही. हळूहळू बाकीच्यांनी बूट काढून टाकले आणि आज चांगल्या फोर्कची नळी उघडीच असते.

जुन्या मंडळींना हे अजून पटत नाही. झाकलेलं बरं, हा आपला घरगुती न्याय. टीव्हीला कव्हर, रिमोटला प्लास्टिक, मग फोर्कला बूट का नको? पण बूट कधीच हवाबंद नसतो. फोर्क दबताना त्याच्या आतली हवा बाहेर जायला आणि परत यायला वाट लागतेच, आणि त्या वाटेनं पाणी आणि बारीक धूळही येते. आत आलेली ओल मग वाळत नाही, आणि आत काय जमलंय ते दिसत नाही. कॅननडेलचा एका पायाचा लेफ्टी फोर्क बरीच वर्षं बूट वापरत राहिला, कारण त्याच्या आत गोल बुशिंग नव्हती, सुईसारखी लांबट बेअरिंगं सपाट पट्ट्यांवर धावायची आणि तिथं गोल सील बसवणं शक्य नव्हतं. त्या बुटाला हवा आत-बाहेर करायला वेगळा फिल्टर होता, आणि तो साफ करणं हे आणखी एक काम. पुढे लेफ्टीनंही बूट सोडला. मोटरसायकलवर बूट टिकला आहे, कारण तिथं अर्धा-पाऊण किलो वजनानं बिघडत नाही आणि पुढच्या गाडीच्या चाकातून उडणारे खडे नळीवर बसतात. सायकलवर तो पुन्हा लावावा असं मला वाटत नाही. बाजारात निओप्रीनच्या कापडाचे, वेल्क्रोनं गुंडाळायचे मोजे मिळतात, मागच्या शॉकसाठी विशेषतः. रोज काढून धुणार असाल तर घ्या. चिखलात भिजलेला मोजा शॉकला आठवडाभर गुंडाळून ठेवायचा असेल तर त्यापेक्षा उघडा शॉक बरा.

झाकण्याच्या वस्तूंतली एक मात्र खरोखर कामाची आहे, आणि ती पंक्चरवाल्याकडे फुकट मिळते. जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा उभा चिरायचा, उलगडून फोर्कच्या कमानीपासून मागे क्राउनपर्यंत ताणायचा आणि चार केबल टायनी बांधायचा. झालं मडगार्ड. ते का चालतं, याचं उत्तर चाकाच्या फिरण्यात आहे. सायकल पुढे जात असते तेव्हा पुढच्या चाकाची मागची बाजू खालून वर येत असते. टायरनं उचललेला चिखल तिथून वर उडतो आणि नेमका कमानीच्या मागच्या पोकळीत, दोन्ही सीलच्या शेजारी आदळतो. पुढच्या बाजूनं उडालेला चिखल आपल्या तोंडावर येतो, तो वेगळा हिशोब. म्हणजे संरक्षण हवं आहे ते टायर आणि सील यांच्या मधल्या त्या वीतभर जागेत. गाडीच्या मडगार्डसारखं चाकभर पसरलेलं काही लागत नाही. ब्रिटनमधल्या सायकलस्वारांना बारा महिने ओल, त्यांनी ही युक्ती ट्यूबवरून पातळ प्लास्टिकच्या कापलेल्या पट्टीवर नेली आणि त्यातून मडहगरसारखे छोटे उद्योग उभे राहिले. गेल्या काही वर्षांत फॉक्स आणि रॉकशॉक्स यांनी स्वतःच कमानीच्या मागे आटे पाडून स्क्रूनं बसणारी मडगार्डं विकायला काढली आहेत. दिसायला देखणी. पण काम करायला फाइलच्या प्लास्टिकच्या पुठ्ठ्याची पट्टी कुठं कमी पडते असं नाही. एक पथ्य : काळ्या मातीत ही पट्टी आणि टायर यांच्यात दोन बोटं तरी जागा हवी, नाही तर तीच चाक अडवते.

उलटे फोर्क हा एक वेगळाच पंथ. मोटोक्रॉसच्या गाड्यांप्रमाणे जाड नळी वर, बारीक खाली. सील खालच्या तोंडाला असल्यामुळे तेल गुरुत्वाकर्षणानं सतत त्याच्यावर बसून राहतं, ही मोठी सोय. पण सील आता टायरच्या चिखलाच्या आणि दगडांच्या थेट माऱ्यात. म्हणून मॅनिटूच्या डोरॅडोसारख्या फोर्कला नळ्यांपुढे प्लास्टिकच्या ढाली असतात. रॉकशॉक्सनं 2014 मध्ये आरएस-1 हेच जुनं नाव देऊन क्रॉस कंट्रीसाठी असा उलटा फोर्क आणला होता. तो चालला नाही.

शर्यतींतल्या सायकली पाहून आपण नेमका उलटा धडा घेतो. 2011 च्या जागतिक स्पर्धेत स्वित्झर्लंडमधल्या शाँपेरीला कोसळत्या पावसात डॅनी हार्ट उतारावरून ज्या तऱ्हेनं खाली आला आणि अकरा सेकंदांहून जास्त फरकानं जिंकला, ती शर्यत अजून लोक पाहतात. पाहणाऱ्याला वाटतं, एवढ्या चिखलात ती सायकल टिकली, तर माझी मुळशीत का टिकू नये? टिकायचा प्रश्नच नसतो. शर्यतीतल्या संघांबरोबर पगारी मेकॅनिक असतात, फोर्क उघडणं हे त्यांचं नेहमीचं काम, आणि सायकल सोमवारी ऑफिसला जायची नसते. घाटातल्या आपल्या पावसात शर्यती होतातच. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये आशियाई माउंटन बाइक स्पर्धा केरळात पोनमुडीच्या डोंगरावर झाली. ते सगळं व्यावसायिकांचं जग. आपल्यापैकी बहुतेकांचा फोर्क सबंध पावसाळ्यात एकदाही उघडला जात नाही.

फुल सस्पेन्शन सायकल असेल तर त्रासाचं दुसरं ठाणं मागे आहे. मागचा शॉक बारीक, त्यात दाब पुढच्यापेक्षा जास्त, आणि त्याची जागा काही सायकलींत मागच्या टायरच्या समोर. बसायच्या नळीच्या आणि चाकाच्या मधल्या बोळात मारा सतत चालू असतो. सीट खालीवर करणाऱ्या ड्रॉपर पोस्टच्या गळ्यालाही तोच चिखल लागतो. इथंही ट्यूबचा तुकडा चालतो, फक्त तो शॉक दबताना मध्ये चिमटत नाही ना ते हवा काढून, सायकल पूर्ण दाबून पाहून घ्यावं.

पण मागच्या बाजूची खरी रड शॉकपेक्षा पिव्हटची, म्हणजे फ्रेमचे सांधे ज्यांच्यावर हलतात त्या बेअरिंगांची. सायकलच्या चाकातलं बेअरिंग गरगर फिरतं, त्यामुळे ग्रीस सगळीकडे पोचत राहतं. पिव्हटमधलं बेअरिंग फिरतच नाही. ते काही अंश पुढे, काही अंश मागे, एवढंच डुलतं. प्रत्येक गोळी आपल्या त्याच जागेवर घासत राहते, तिथलं ग्रीस बाजूला सरकतं आणि परत येत नाही, पोलादावर गोळीच्या आकाराचे खळगे पडतात. त्यात पाणी शिरलं की गंज. म्हणून सायकलवाले पिंजरा नसलेली, जास्तीत जास्त गोळ्या ठासलेली आणि ग्रीसनं पूर्ण भरलेली बेअरिंगं वापरतात. पुण्यात नाना पेठेत बेअरिंगच्या दुकानात जाऊन 6902 2आरएस मागितलं तर लगेच मिळेल, 15 बाय 28 बाय 7 मिलिमीटर, मापात अगदी बरोबर बसेल. पण ते मोटरीत सतत फिरण्यासाठी केलेलं, पिंजऱ्याचं, बेताच्या ग्रीसचं. घाईत चालेल, पावसाळाभर चालेलच असं नाही. सांता क्रूझच्या काही सायकलींत खालच्या सांध्याला ग्रीस भरायचं छिद्र असतं. गन लावून नवं ग्रीस दाबायचं, जुनं काळं ग्रीस पाणी आणि मातीसकट कडेनं बाहेर येईपर्यंत. ट्रॅक्टरच्या निपलची ही जुनी रीत बाकीच्या कंपन्यांनी का उचलली नाही हे मला कोडंच आहे. सांधा गेल्याची खूण सोपी : सायकल उचलून मागचं चाक आडवं हलवा, टकटक लागली तर बेअरिंग संपलं. गंजलेलं बेअरिंग वेळेवर नाही काढलं तर ते फ्रेममध्येच रुतून बसतं, आणि मग हातोडी आणि कार्बन फ्रेम यांची गाठ पडते.

आता सगळ्यात मोठ्या शत्रूकडे येऊ. तो डोंगरात नसतो, परतीच्या हायवेवर असतो. वॉशिंग सेंटर. स्कूटर, कार, ट्रॅक्टर सगळं धुतलं जातं, दोघं-तिघं सायकली घेऊन रांगेत उभे राहतात, आणि तो पोरगा उत्साहानं पाण्याची गन फोर्कच्या सीलवर, हबवर, पिव्हटवर एकेक वीत अंतरावरून धरतो, कारण तिथंच चिखल जास्त दिसतो. रबराची धार आतलं तेल आत ठेवायला आणि बाहेरची माती खरवडायला केलेली असते. उच्च दाबाचं पाणी अडवायला ती केलेली नाही. ती उचलली जाते, पाणी आणि कण आत जातात, आणि वरून सायकल चकाचक दिसते. फोर्क बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या पुस्तिकांत प्रेशर वॉशर वापरू नका असं स्पष्ट लिहिलेलं असतं, पण ती पुस्तिका खोक्यातच राहते. कॉम्प्रेसरच्या हवेनं सील झटकणं हाही त्यातलाच प्रकार. ओढ्यातून जातानाही थोडं भान हवं. लांब उतारावर तापलेला फोर्क थंड पाण्यात सीलपर्यंत बुडला की आतली हवा आकसते आणि ओढ घेते. ती ओढ पाण्यालाच लागते.

घरी बादली, मऊ ब्रश, गाडीचा शॅम्पू आणि नळाची साधी धार पुरते. त्यानंतरचा क्रम महत्त्वाचा आहे, आणि तोच बहुतेक जण उलटा करतात. सायकल धुतली की लोक हँडल दाबून फोर्क हलवून पाहतात. आधी नळी पुसायची. स्वच्छ, धागे न सुटणारं सुती फडकं घ्यायचं, नळीला मागून गुंडाळायचं आणि सीलच्या कडेच्या सांध्यात बोट फिरवत काढायचं. मागची बाजू विसरायची नाही, माल तिथंच असतो. मग हँडल पाच-सहा वेळा दाबायचं. आता नळीवर सीलच्या थोडं वर एक काळपट गोल रेघ उमटेल. आतून धारेनं बाहेर ढकललेली घाण ती. ती पुसायची, पुन्हा दाबायचं, रेघ यायची थांबेपर्यंत. शेवटी फडक्यावर सस्पेन्शनचं तेल किंवा सिलिकॉनचा स्प्रे एखादा थेंब घेऊन नळीवरून हात फिरवायचा. स्प्रे फडक्यावर मारायचा, नळीवर कधीच नाही. ब्रेकची डिस्क वीतभर अंतरावर असते आणि तिला तेल लागलं की ब्रेक ओरडतात आणि धरत नाहीत. घरात असतो तो गंज सोडवायचा स्प्रे, रॉकेल, डिझेल इथं चालत नाही. ते स्पंजातलं तेल आणि ग्रीस धुऊन काढतं. सायकल बरेच दिवस उभी असेल तर निघण्याआधी काही मिनिटं उलटी ठेवली की खालचं तेल स्पंजापर्यंत येतं. पाच मिनिटांचं काम आहे, आणि बुटापेक्षा, सोनेरी थरापेक्षा, मोज्यापेक्षा जास्त टिकाऊ.

वरचं सगळं महागड्या फोर्कचं. महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या बहुतेक गिअरच्या सायकलींना मात्र सनटूर एक्ससीटीसारखा साधा फोर्क असतो : नळ्या क्रोम चढवलेल्या लोखंडी, आत लोखंडी स्प्रिंग, तेलाच्या जागी ग्रीस. ही सायकल सोसायटीच्या पार्किंगमध्ये जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिजत उभी असते. क्रोमला बारीक भोक पडलं की खालचं लोखंड गंजतं, गंजाचा फोड वर येतो, आणि त्याची टोकदार कड दर वेळी सीलला कापत जाते. कापलेल्या सीलमधून पाणी, पाण्यानं आणखी गंज. अशा फोर्कवर महाग उत्पादनं घालण्यात अर्थ नाही. आठवड्याला एकदा तेलाचं फडकं नळीवरून फिरलं आणि सायकल छपराखाली राहिली तर तो पुष्कळ वर्षं जातो. गंजाचे ठिपके आधीच आले असतील तर पॉलिश पेपरनं घासू नका. क्रोमचा उरलेला थर त्यानंच जातो.

राहिला उघडण्याचा हिशोब. रॉकशॉक्स म्हणते, खालचे पाय दर 50 तासांनी काढून साफ करा. फॉक्स म्हणते 125 तास किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. शनिवार-रविवार मिळून चार तास सायकल चालवणाऱ्याचे 50 तास सुमारे तीन महिन्यांत भरतात, म्हणजे चातुर्मास सरायच्या आधीच. आणि हे तास मोजताना कंपनीच्या डोळ्यांपुढे ताम्हिणीचा जुलै नसणार. आपल्याकडे वर्षातून एकदाच फोर्क उघडणार असाल, तर तो पावसाळ्याच्या आधी उघडून उपयोग नाही. पाऊस संपल्यावर, फुफाटा सुरू व्हायच्या आधी उघडा. मेकॅनिकला सांगा की मी समोर उभा राहणार आहे, ट्रेमध्ये पडलेलं तेल ओतून टाकायच्या आधी मला दाखवा. ते स्वच्छ निघालं तर पुढची सर्व्हिस निवांत करा. गढूळ निघालं तर नळीच्या मागच्या अंगावरून तिथंच नख फिरवून पाहा, आणि पुढच्या जूनमध्ये कमानीला ट्यूबचा तुकडा बांधा.